करंजेल काढायला शिकताना : दुर्लक्षित बियांपासून तेल मिळवण्याची मुंबईकरांसाठी प्राथमिक वाट

फेब्रुवारी ते मे या काळात मुंबईतील कित्येक रस्त्यांच्या कडेला करंजाच्या चपट्या, तपकिरी शेंगांचा सडा पडतो आणि सकाळच्या झाडूबरोबर तो कचऱ्याच्या गाडीत जातो. या शेंगांमधील बियांच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग तेलाचा असतो. ते तेल खाण्याजोगे नाही. पण दिव्याला, साबणाला आणि झाडांवरील किडीला ते उत्तम चालते, आणि मागे उरणारी पेंड कुंड्यांना खत म्हणून उपयोगी पडते. एवढे मोलाचे बी दरवर्षी कचराभूमीवर जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच ज्यांनी आजवर एकदाही तेल काढलेले नाही, अशांसाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. नवशिक्याचे सारे लक्ष यंत्राकडे असते : कोणते घ्यावे, किती वॅटचे घ्यावे, लाकडी घाणा बरा की लोखंडी. प्रत्यक्षात तेल किती निघणार आणि ते कसे निघणार, हे बी यंत्रात पडण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते. बी केव्हा वेचले, किती वाळवले, त्याचे टरफल किती काढले आणि दाबण्याआधी त्याला किती ऊब दिली, या चार प्रश्नांची उत्तरे बरोबर असतील तर साध्या जॅकच्या दाबयंत्रानेही समाधानकारक तेल मिळते. ती चुकली असतील तर महागडा एक्स्पेलरही (फिरत्या मळसूत्राने बी दाबणारे यंत्र) ओलसर लगदा आणि गढूळ फेसाखेरीज काही देत नाही.

बी कोणते निवडावे

उष्ण प्रदेशातील तेलबियांची यादी मोठी आहे, परंतु ज्या बीत तेल आहे त्या प्रत्येक बीतून ते दाबून निघतेच असे नाही. आंब्याची कोय हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. मे महिन्यात मुंबईत कोयींचे ढीग पडतात आणि कोयीच्या गरात लोण्यासारखी उत्तम चरबीही असते. मात्र तिचे प्रमाण सुक्या गराच्या ७ ते १२ टक्के एवढेच असते. कोणत्याही दाबयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पेंडीत ७ ते १२ टक्के तेल राहूनच जाते, त्यामुळे कोय कितीही दाबली तरी हाती काही लागत नाही. कारखान्यांत अशा बियांसाठी हेक्झेनसारखे द्रावक वापरतात, पण ते अतिशय ज्वालाग्राही असल्यामुळे घरी किंवा लहान शेडमध्ये त्याचा विचारही करू नये. चिंचोक्याची गोष्टही हीच आहे. माझ्या मते ज्या गरात २५ टक्क्यांहून कमी तेल आहे, त्याच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

या कसोटीला उतरणारी आपल्याकडची बियाणी म्हणजे करंज, निंबोळी, मोहाच्या बिया आणि उंडी. कोकमाच्या बिया जेमतेम काठावर बसतात. निंबोळीच्या गरात तेल भरपूर असते, पण ती मुंबईत नेमकी पावसाच्या तोंडावर आणि पावसात पिकते, त्यामुळे वाळवणीचा प्रश्न उभा राहतो. मोह ठाणे-पालघरच्या पट्ट्यात मुबलक आहे. त्याच्या बियांत ३५ ते ५० टक्के तेल असते. उंडीच्या सुक्या गरात तर ६० टक्क्यांहूनही अधिक तेल सापडते. कोकमाच्या बियांतील चरबी ३८ ते ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, म्हणून ती दाबण्यापेक्षा बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला थर काढून घेण्याची कोकणातील रीतच अधिक सोयीची ठरते.

रस्त्याकडेचा देशी बदाम मोह पाडणारा आहे, कारण त्याच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि ते खाद्यही आहे. पण त्याची आठोळी फोडून चिमूटभर गर काढण्यात जाणारा वेळ पाहता शंभर ग्रॅम तेलासाठीही सुटीचे दिवस खर्ची पडतात. शिवाय ‘जंगली बदाम’ हे नाव मुंबईत दोन अगदी वेगळ्या झाडांना लावले जाते. दुसरे झाड म्हणजे ज्याच्या फुलांना दुर्गंधी येते आणि ज्याला लाल, नौकेच्या आकाराची फळे लागतात ते. त्याच्या तेलात खाण्यास अपायकारक अशी विशिष्ट मेदाम्ले असतात, म्हणून केवळ नावावर विसंबून बी गोळा करू नये.

काही बियांपासून नवशिक्याने पूर्णपणे दूर राहावे. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, सोसायट्यांच्या कुंपणांना सर्रास लावलेली असते आणि तिच्या गरात तेलही पुष्कळ असते, पण ती हृदयावर परिणाम करणारी जहाल विषारी आहे. एरंडाच्या पेंडीत रायसिन हे प्राणघातक विष उरते. मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याने मुले अत्यवस्थ होतात. सीताफळाच्या बियांची भुकटी डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. यांची दाबणी जाणत्यांच्या हातची आहे.

या सर्वांचा विचार करता मुंबईत आरंभ करंजापासून करावा. बी पावसाआधी पिकते, झाडे शहरभर आहेत, शेंग आपोआप उकलत नसल्यामुळे आतले बी धूळ-मातीपासून सुरक्षित राहते आणि टरफल हाताने फुटते. चकचकीत हिरव्या, पाच ते सात पर्णिकांच्या पानांचे हे झाड ओळखणे कठीण नाही. शेंग साधारण ४ ते ६ सेंटिमीटर लांब, चपटी आणि टोकाला किंचित चोच असलेली असते आणि तिच्यात बहुधा एकच तांबूस, सुरकुतलेले बी असते. झाडांची खात्रीने ओळख पटवायची असल्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेत एखादी सकाळ घालवावी. तेथील अनेक झाडांवर नावांच्या पाट्या आहेत.

वेचणी

फक्त खाली पडलेल्या शेंगा वेचाव्यात. हिरव्या शेंगेत तेल पुरते भरलेले नसते, आणि शहरातील झाडाच्या फांद्या तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते, हे दुसरे कारण. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलण्यास मनाई आहे, तेव्हा तो विषय तेथेच संपतो. सोसायटीच्या आवारातील झाड असेल तर सचिवांना विचारावे आणि माळीकाका किंवा सफाई कामगार ताई यांना आधीच सांगून ठेवावे. झाडलेल्या शेंगा वेगळ्या गोणीत टाकण्यास सहसा कोणी नकार देत नाही, मात्र त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा.

शेंग हलवल्यावर आत बी खुळखुळले तर ती पक्व समजावी. भिजलेल्या, बुरशीचे ठिपके आलेल्या आणि भोके पडलेल्या शेंगा तेथल्या तेथे टाकून द्याव्यात. पहिल्या खेपेला १० किलो शेंगा पुरेशा आहेत. त्यांतून निम्म्या वजनाचे, म्हणजे सुमारे ५ किलो बी मिळते.

वाळवण, आणि मुंबईची हवा

सगळ्या प्रक्रियेत मी सर्वाधिक महत्त्व वाळवणीला देतो. बीमध्ये पाणी जास्त असेल तर तीन गोष्टी घडतात : बीमधील विकरे (एन्झाइम) तेलाचे विघटन करून मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलापासून सुटी झालेली आम्ले, वाढवतात, बुरशी धरते, आणि दाबताना बीचा निसरडा लगदा होऊन तो यंत्रात पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी फिरत राहतो. उलट बी अतिशय कोरडे असेल तर त्याची भुकटी होते, यंत्र तापते आणि अडकते. एक्स्पेलरसाठी ६ ते ८ टक्के आर्द्रता योग्य मानावी. जुन्या लाकडी घाण्याची रीत यापेक्षा वेगळी आहे. तेथे लाट (घाण्यातील लाकडी दांडा) फिरत असताना तेल सुटावे म्हणून मुद्दाम थोडे पाणी शिंपडतात, त्यामुळे घाण्याचे अनुभव जसेच्या तसे एक्स्पेलरला लागू करू नयेत.

शेंगा आधी पूर्ण वाळवाव्यात, मग फोडाव्यात आणि निघालेले बी पुन्हा वाळवावे. गच्चीवर तरटावर किंवा स्वच्छ चादरीवर एकच थर पसरावा, दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवावा आणि सूर्यास्तापूर्वी आत घ्यावे, कारण मुंबईची रात्रीची दमट हवा दिवसभर निघालेले पाणी परत देऊन टाकते. मार्च-एप्रिलच्या उन्हात चार ते सहा दिवस पुरतात. निंबोळीला मात्र कडक ऊन दाखवू नये. तिच्यातील कीडनाशक घटक, विशेषतः अझाडिरॅक्टिन, उष्णतेने आणि उन्हाने नष्ट होतो, म्हणून ती वारा खेळत्या सावलीत वाळवावी.

आर्द्रता अंदाजाने सांगण्याची सवय पुढे लागते, पण सुरुवातीला मोजमाप करावे. कुटलेले बी अचूक १०० ग्रॅम तोलून पसरट भांड्यात घ्यावे आणि अन्नासाठी न वापरल्या जाणाऱ्या लहान विजेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चार-पाच तास ठेवावे. लागोपाठ दोन वेळा तोलल्यावर वजन तेच आले की थांबावे. वजन ९३ ग्रॅम भरले तर बीमध्ये ७ टक्के पाणी होते. काटा दशांश ग्रॅम दाखवणारा असावा, नाहीतर या मोजणीला अर्थ राहत नाही. शामलदास गांधी मार्गावर, म्हणजे जुन्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, प्रयोगशाळेच्या साहित्याची दुकाने आहेत. काटा, तापमापक आणि पुढे लागणारी रसायने तेथे एकाच फेरीत मिळू शकतात.

बी वाळले की थंड होऊ द्यावे आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे. गोणीत भरून ठेवलेले बी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हवेतील ओल शोषून घेते. म्हणून माझा आग्रह असा की, शक्यतो मे संपण्यापूर्वी दाबणीही उरकून घ्यावी. पावसाळ्यात बी सांभाळण्यापेक्षा तेल सांभाळणे सोपे असते.

टरफल, भरड आणि ऊब

शेंगा तरटाखाली पसरून लाकडी थापीने हलकेच ठोकाव्यात, म्हणजे टरफल फुटते आणि बी शाबूत राहते. मग सुपात पाखडावे. टरफलात तेल नसते, उलट ते कोरड्या टीपकागदाप्रमाणे निघालेले तेल पिऊन पेंडीबरोबर बाहेर नेते. मात्र एक्स्पेलरच्या मळसूत्राला पकड मिळावी म्हणून थोडासा खरखरीत भाग उपयोगी पडतो, त्यामुळे पाखडताना शेवटचा तुकडाही वेचण्याचा अट्टहास नको. जॅकच्या दाबयंत्रासाठी मात्र बी पूर्ण स्वच्छ असावे.

यानंतर बी खलबत्त्यात किंवा हाताच्या चक्कीत भरडावे. तुकडे साधारण ३ ते ४ मिलिमीटरचे असावेत. पीठ करू नये. या वेळी नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावावा, कारण करंजाची धूळ घशाला आणि डोळ्यांना त्रास देते. भांडी, चक्की, सूप, सारे काही या कामासाठी वेगळे ठेवावे आणि त्यावर खूण करावी. बी चाखून पाहू नये.

भरड जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ७० ते ८० अंशांपर्यंत तापवून सुमारे वीस मिनिटे सतत हलवत राहावे. उष्णतेमुळे पेशींतील प्रथिने गोठतात, तेलाचे बारीक थेंब एकत्र येतात, तेल पातळ होते आणि विकरांचे काम थांबते. त्याच वेळी एक-दोन टक्के पाणीही उडते, म्हणून तापवण्यापूर्वी ८ टक्क्यांच्या आसपास असलेले बी दाबणीच्या वेळी बरोबर हव्या त्या स्थितीत येते. १०० अंशांपुढे जाऊ नये. तेल काळपट होते आणि जळका वास कायमचा राहतो. करंज तापताना उग्र दर्प सुटतो, तेव्हा हे काम बंद स्वयंपाकघरात न करता गच्चीवर किंवा मोकळ्या शेडमध्ये करावे आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. निंबोळी तापवू नये.

दाबणी

आपल्या किनाऱ्यावर तेल काढण्याची परंपरा जुनी आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायली कुटुंबांचा हाच पिढीजात धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्यांना शनिवार तेली म्हणत. आज शहरात आणि आसपास जे लाकडी घाणे सुरू आहेत ते शेंगदाणा, तीळ, खोबरे यांचे आहेत. तेथे करंज किंवा मोह नेऊन ‘एकदाच दाबून द्या’ अशी गळ कोणालाही घालू नये. लाकडात मुरलेले कडू तेल धुतल्याने जात नाही आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या खाद्यतेलात ते उतरते. ही चूक दुसऱ्याच्या आरोग्याला भोवणारी आहे, म्हणून येथे सवलतीला जागा नाही. अखाद्य बियांसाठी यंत्र स्वतंत्रच हवे.

नवशिक्यापुढे दोन पर्याय राहतात. पहिला, जॅकचे दाबयंत्र. जाड लोखंडी चौकटीत मोटारगाडीचा हायड्रॉलिक जॅक, त्याच्यासमोर भोके पाडलेला पोलादी डबा आणि त्यात बसणारी दट्ट्याची चकती, एवढीच त्याची रचना असते. येथे एक हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक घरगुती दाबयंत्रे याच ठिकाणी फसतात. १० टनांचा जॅक १० सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर दाब देतो तेव्हा चकतीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर असते आणि बीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२७ किलो भार येतो. एका वेळी जास्त बी मावावे म्हणून २० सेंटिमीटर व्यासाचा डबा केला, तर तोच जॅक केवळ ३२ किलो भार देतो आणि तेल पेंडीतच राहते. डबा लहान ठेवावा आणि खेपा जास्त कराव्यात.

कोमट भरड सुती कापडाच्या पिशवीत बांधून, दोन-तीन पातळ थरांत, मध्ये भोकांची पोलादी चकती घालून रचावी. जाड एकाच थरातून मधले तेल बाहेर येत नाही. दाब हळूहळू वाढवावा. पहिले थेंब दिसताच थांबावे, तेलाला वाट मिळू द्यावी, मग पुढचा टप्पा घ्यावा. घाईने दिलेल्या दाबाने कापड फाटते आणि भोकांतून लगदा येतो. पूर्ण दाबावर पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे. पेंड फोडून, पुन्हा कोमट करून दुसऱ्यांदा दाबल्यास आणखी थोडे तेल मिळते. चौकटीचे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे, जॅकच्या क्षमतेपेक्षा चौकट पुष्कळ अधिक मजबूत असावी आणि दाब देताना कोणीही तिच्या अगदी समोर उभे राहू नये.

दुसरा पर्याय लहान एक्स्पेलरचा. त्यात मळसूत्र फिरत बी पुढे ढकलते, पुढे जावे तशी जागा आक्रसत जाते, पिंजऱ्याच्या फटींतून तेल ठिबकते आणि तोंडाशी असलेल्या चोकच्या, म्हणजे वाट कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटेने पेंड बाहेर पडते. यंत्राचे सुटे भाग, बेअरिंग आणि पट्टे नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात मिळतात. खरेदीपूर्वी मळसूत्र आणि पिंजऱ्याच्या पट्ट्या स्वतंत्र मिळतील याची खात्री करून घ्यावी, कारण झिजतात त्या याच दोन वस्तू. विजेचे जोडकाम अर्थिंगसह आणि पुरेशा क्षमतेच्या सॉकेटवर करावे.

चोक पूर्ण मोकळा ठेवून यंत्र सुरू करावे. पहिली दहा-पंधरा मिनिटे थोडे थोडे बी घालून पिंजरा तापू द्यावा. या वेळची पेंड तेलकट आणि मऊ असते, ती बाजूला ठेवून नंतर पुन्हा घालावी. मग चोक थोडा थोडा आवळावा आणि पेंडीकडे पाहत राहावे. ती १ ते २ मिलिमीटर जाडीच्या, कडक, हाताने कडकन मोडणाऱ्या चिपांच्या रूपात येऊ लागली की चोक योग्य जागी आला. पेंडीतून धूर येऊ लागला किंवा मोटरचा आवाज जड झाला तर तो लगेच सैल करावा. पेंड गाठीगाठीने, ओलसर येत असेल आणि पिंजऱ्यातून तेलाऐवजी लगदा झरत असेल तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. बी पुन्हा वाळवावे. हॉपरमध्ये, म्हणजे बी ओतायच्या नसराळ्यात, बी अडकल्यास लाकडी दांडीने सारावे, बोट कधीही घालू नये. काम संपताना बी टाकणे थांबवून चोक मोकळा करावा आणि पेंड यायची थांबेपर्यंत यंत्र चालवावे. आत राहिलेली पेंड थंड झाल्यावर इतकी घट्ट बसते की मळसूत्र खोलून छिन्नीने काढावी लागते.

तेल निवळणे आणि साठवणे

ताजे तेल गढूळ असते. ते स्टीलच्या उंच भांड्यात झाकून चार ते सात दिवस हलवू नये. गाळ तळाशी बसतो आणि वरचे तेल नळीने अलगद काढून घेता येते. मग मंगलदास मार्केटमधून आणलेल्या घट्ट विणीच्या सुती कापडाच्या दोन घड्यांतून ते गाळावे. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केल्यास गाळणी लवकर होते. तेलात पाण्याचा अंश राहिला असेल तर ते सावकाश १०५ अंशांपर्यंत तापवावे आणि बुडबुडे थांबताच आच बंद करावी. भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण फेस एकाएकी वर येतो. तांब्या-पितळेची भांडी या कामाला वापरू नयेत. तांब्यामुळे तेल लवकर खवट होते. स्टीलच्या किंवा गडद काचेच्या बाटल्या तोंडापर्यंत भराव्यात आणि त्यांवर बीचे नाव, दाबणीची तारीख व ‘खाण्यासाठी नाही’ हे ठळक अक्षरांत लिहावे. घरात लहान मुले असतील तर बाटली कुलपात ठेवावी.

किती तेल मिळायला हवे होते, याचा हिशेब कागदावर मांडण्याची सवय पहिल्या खेपेपासून लावून घ्यावी. ५ किलो बीमध्ये ३० टक्के तेल धरले तर एकूण तेल दीड किलो. पेंडीत १० टक्के तेल राहिले असे मानल्यास हाती येणारे तेल सुमारे १.१ किलो, म्हणजे बीच्या वजनाच्या २२ टक्के. जॅकच्या यंत्राने १५ टक्के मिळाले तरी पहिल्या खेपेला ते चांगलेच समजावे. यापेक्षा फार कमी मिळाल्यास आधी आर्द्रता तपासावी, मग भरडीचा आकार आणि सर्वांत शेवटी यंत्र.

तेलाची प्रत पाहण्यासाठी मुक्त मेदाम्लांची चाचणी घरच्या प्रयोगशाळेतही करता येते. ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फथॅलीन या रंगदर्शकाचे काही थेंब टाकून, त्याला फिकट गुलाबी छटा येईपर्यंत ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. मग त्यात ५ ग्रॅम तेल मिसळावे आणि गुलाबी रंग पुन्हा येऊन अर्धा मिनिट टिकेपर्यंत तेच द्रावण मोजून घालावे. जितके मिलिलिटर लागले त्यास ०.५६ ने गुणले की ओलेइक आम्लाच्या हिशेबाने मुक्त मेदाम्लांची टक्केवारी मिळते. ७ मिलिलिटर लागले तर सुमारे ४ टक्के. हातमोजे आणि चष्मा येथेही हवेतच. एकाच झाडाच्या बीची, मे महिन्यात आणि पुढे पावसाळ्यानंतर अशी दोनदा चाचणी केली की साठवणीतील ओल काय करते ते आकड्यांत दिसते.

पेंड, विक्री आणि पुढची बियाणी

दाबणीनंतरची गरम पेंड लगेच गोणीत कोंबू नये. तेलकट पेंडीचा ढीग आतून तापत जातो आणि पेटूही शकतो, म्हणून ती पातळ पसरून थंड होऊ द्यावी. करंजाच्या पेंडीत सुमारे ४ टक्के नायट्रोजन असतो. भुगा करून एका मध्यम कुंडीस मूठभर, मातीत नीट मिसळून द्यावा. गुरांना किंवा भटक्या जनावरांना ती घालू नये. मोहाची पेंड तर तलाव, नाला, विहीर यांच्या जवळपासही टाकू नये, कारण तिच्यातील सॅपोनिन या फेसाळ द्रव्यांमुळे मासे मरतात. तळाचा गाळ आणि तेलकट चिंध्या सिंकमध्ये किंवा गटारात जाऊ देऊ नयेत.

स्वतःच्या वापरापलीकडे जाऊन विक्री करायची असेल तर तेल कशासाठी विकतो आहोत यावर परवाने अवलंबून असतात; त्वचेसाठी किंवा औषध म्हणून विकल्यास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो आणि खाद्यतेलाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतो. अखाद्य तेल आणि साबण हा खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या जुन्या विषयांपैकी एक आहे आणि आयोगाचे मुख्यालय विलेपार्ले येथेच आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही तेलांचा स्वतंत्र विभाग आहे. अडचण नेमक्या शब्दांत, आकड्यांसह मांडून विचारणाऱ्याला जाणकारांकडून नेमके उत्तर मिळते.

करंजाच्या दोन-तीन खेपा नीट जमल्यावर उंडीकडे वळावे. तिचे वेळापत्रक अगदी वेगळे आहे. ताज्या गरातून तेल जवळजवळ निघतच नाही. कठीण कवच फोडून काढलेला फिकट गर महिना-दोन महिने उन्हात ठेवावा लागतो, त्या काळात तो तांबूस-काळा आणि चिकट होतो आणि मगच दाबला जातो. त्याचे हिरवट, दाट तेल कोकणच्या घरांत दिव्यासाठी वापरले जाई. एवढ्या लांब वाळवणीसाठी मुंबईत ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा कोरडा काळच कामाचा आहे, तेव्हा उंडीची फळे हाती लागताच गर फोडून दिवाळीच्या सुमारास गच्चीवर पसरता येईल अशी जागा आणि चाळण्या आधीच तयार ठेवाव्यात.